ठाण्याच्या चार भिंतींत

कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत काही माणसांना पोलिसांपुढे नेमाने हजेरी द्यावी लागे. गावात चोरी झालेली असो वा नसो, महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींत जन्म झाला, एवढं कारण पुरेसं होतं. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच नजर पक्की केली होती: आधी संशयित ठरवायचा, गुन्हा मागाहून शोधायचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यातली ही हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांना कुणी गावाच्या वेशीत उभं करत नव्हतं, त्यांना त्यांनी आपल्या पदरी नोकरीला ठेवलं. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्यांनी आणखी एक कायदा केला: स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा. घराच्या उंबऱ्याआड चाललेला छळही सरकारदरबारी गुन्हा ठरला.

शाहूचरित्रांत हे दोन निर्णय बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एक अस्पृश्योद्धाराच्या, दुसरा स्त्रीसुधारणेच्या. मला ते शेजारी-शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. संशय आला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे पहिल्यात आहे. बाईची तक्रार ही घरगुती कुरबुर म्हणून झटकून टाकता येत नाही, हे दुसऱ्यात आहे. आज अत्याचाराची बातमी आली की चौकाचौकात 'आरोपीला कसले हक्क?' असं विचारलं जातं, आणि कुणी निर्दोष सुटला की 'बायका खोट्या केसेस घालतात' असं म्हटलं जातं. जणू तक्रारदार बाई आणि संशयित माणूस तराजूच्या दोन पारड्यांत बसलेत आणि एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. महाराष्ट्राचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास काही वेगळं सांगतो. तो सुरू होतो कोल्हापुरापासून फार दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं; आज ते गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. एका अनाथ आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणलं होतं. भाऊ-बहीण दोघंही मोलमजुरी करून जगत. मुलगी ज्या घरी कामाला जाई, तिथल्या एका तरुणाशी तिचं जमलं होतं आणि दोघांना लग्न करायचं होतं. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली. रात्री नऊच्या सुमारास सगळे ठाण्यात आले, जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास जबाब घेणाऱ्या हेडकॉन्स्टेबलने भावाला मुलीच्या जन्मनोंदीचा उतारा आणायला सांगितलं आणि तो स्वतः जेवायला घरी गेला. बाकीचे बाहेर पडत असताना ठाण्यातल्या शिपायाने मुलीला मागे थांबायला सांगितलं. मग ठाण्याचे दिवे मालवले आणि दार आतून बंद झालं.

बाहेर थांबलेल्या नातेवाइकांनी हाका मारल्या, उत्तर आलं नाही. माणसं जमू लागली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं की शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या दुसऱ्या हवालदाराने तिच्याशी लगट केली. तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ठाण्यात तक्रार द्या म्हणून सांगितलं. ठाण्यात, म्हणजे पुन्हा त्याच जागी. जमाव खवळला होता, ठाणं जाळायची भाषा करत होता. जेवायला गेलेल्या हेडकॉन्स्टेबलला बोलावून आणलं गेलं. त्याने लोकांना कसंबसं शांत केलं आणि मग मुलीचा जबाब लिहून घेतला. पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्याची फिर्याद त्याच ठाण्यात, दाराशी माणसं उभी राहिली म्हणून नोंदली गेली. ती माणसं तिथे नसती तर हा खटला भारताच्या कायद्याच्या इतिहासात कधी आलाच नसता.

त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. साऱ्या देशाला ते माहीत आहे, कारण प्रकरण तिच्याच नावाने ओळखलं जातं. पण पीडितेचं नाव छापण्यास मनाई करणारा कायदा तिच्याच प्रकरणातून झालेल्या चळवळीनंतर आला. ज्या संरक्षणाचा लाभ तिच्यानंतरच्या प्रत्येकीला मिळाला, तो तिला मिळाला नाही. निदान आपण तरी तो तिला द्यावा.

दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास तिची वैद्यकीय तपासणी झाली, म्हणजे घटनेला जवळजवळ वीस तास उलटल्यावर. अंगावर जखमा नव्हत्या. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असावं, असा अंदाज निघाला. बोटांनी तपासून तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा निष्कर्ष अहवालात लिहिला गेला. पुढच्या सहा वर्षांत तिच्या म्हणण्यापेक्षा त्या अहवालालाच अधिक वजन आलं. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघा पोलिसांना सोडलं. मुलगी खोटं बोलते, संबंध आला असेल पण तो बलात्कार म्हणता येत नाही, असा त्यांचा सूर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. धाकापुढे हतबल होऊन गप्प बसणं म्हणजे संमती देणं होत नाही, ठाण्यात अनोळखी पोलिसांपुढे ती मुलगी दुसरं काय करू शकत होती, असा विचार त्या निकालात होता. शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

मग 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. आज कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजपासून दिल्लीपर्यंत कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला शिकवला जातो. १५ सप्टेंबर १९७८ रोजी जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघांनाही निर्दोष सोडलं. निकाल न्या. कोशल यांनी लिहिला. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही. भाऊ आणि इतर जवळच असताना तिने त्यांना हाक मारली नाही. तेव्हा जे घडलं ते तिच्या मर्जीविरुद्ध होतं, हे सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सारांश. मर्जीविरुद्ध होतं, हे सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर होता. ठाण्याच्या बंद दाराआड घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार मात्र ती मुलगी आणि ते दोघे, एवढेच.

निकाल कायदेविषयक नियतकालिकांत छापून आला आणि वर्षभर कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. ती शांतता चार प्राध्यापकांनी मोडली. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंत चंद्रचूड होते. न्यायालयाच्या निकालावर असं उघड पत्र लिहिणं त्या काळी धाडसाचंच होतं. पत्राचा मुख्य मुद्दा साधा होता: संमतीत मुकाट्याने सोसणं येतं, पण मुकाट्याने सोसण्यात संमती असतेच असं नाही. आणि त्यांनी न्यायालयाला त्याच्याच एका निकालाची आठवण करून दिली. तो निकाल एका संशयित बाईचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्यावर भ्रष्टाचाराचा गुन्हा नोंदला गेला होता. पोलिसांनी त्यांना ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची उत्तरं मागितली, त्यांनी नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ एप्रिल १९७८ रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सांगितलं गेलं की स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती चौकशीच्या टप्प्यावरही करता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० प्रमाणे बाईला चौकशीसाठी तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, यावरही बोट ठेवलं गेलं. सत्पथींचा निकाल आणि देसाईगंजचा निकाल यांत जेमतेम पाच महिन्यांचं अंतर होतं. बाईला ठाण्यात बोलावू नये, कारण ती तिथे दबावाखाली येते, हे न्यायालयाला माजी मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत दिसलं. मजुरी करणाऱ्या मुलीला रात्री साडेदहाला त्याच ठाण्यात ठेवून घेतलं, तेव्हा दिसलं नाही. हे संरक्षण फक्त शहरातल्या वजनदार बायकांसाठी आहे का, असा रोखठोक सवाल पत्राने केला.

त्यानंतर महाराष्ट्र ढवळून निघाला. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री-अत्याचारविरोधी काम उभं केलं, मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. निकालाचा फेरविचार मात्र झाला नाही. तिच्यापुरतं प्रकरण संपलेलंच राहिलं. विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये बलात्काराच्या कायद्याविषयीचा आपला ८४ वा अहवाल दिला. संसदेत कायदा होईपर्यंत आणखी साडेतीन वर्षं गेली.

त्या मधल्या काळात मुंबईत एक गोष्ट घडत होती. तिची आठवण फार कमी निघते. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. या तक्रारदार बायका नव्हत्या, आरोपी होत्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला. त्यातले आदेश अगदी कोठडीच्या गजांपर्यंत जाणारे होते. महिला संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, पहाऱ्याला महिला शिपाई असाव्यात. चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी. अटकेचं कारण लगेच सांगावं, जवळच्या नातेवाइकाला आणि कायदा सहाय्य समितीला कळवावं. सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशांनी, न कळवता कोठड्यांना भेट द्यावी. आरोपीचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. आणि आरोपीला हजर केल्यावर दंडाधिकाऱ्याने आपणहून विचारावं: पोलिसांनी छळ केला का?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा जागी अधिकारपदावरच्या माणसाने केलेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरेल, हे पुरावा कायद्याच्या कलम ११४-अ मध्ये लिहिलं गेलं. खटला बंद दाराआड चालवण्याची आणि पीडितेचं नाव न छापण्याची तरतूद झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या दुरुस्तीने विवाहितेचा छळ हा गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं. कोल्हापूरच्या १९१९ च्या कायद्याला तेव्हा चौसष्ट वर्षं झाली होती.

कलम ११४-अ ने आरोपीवर भार टाकला, तो निर्दोषत्वाच्या तत्त्वाविरुद्ध जातो, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. मला ती पटत नाही. हा भार सरसकट सगळ्यांवर टाकलेला नव्हता. जिथे एका बाजूला गणवेश, किल्ल्या आणि नोंदवही आहे आणि दुसऱ्या बाजूला कोठडीतली बाई, मुख्यतः अशा ठिकाणी तो होता. बर्से निकालाने संशयित बाईला जिच्यापासून वाचवलं आणि ११४-अ ने पीडितेला जिच्यापासून वाचवलं, ती सत्ता एकच. ठाण्याच्या चार भिंतींच्या आत काय घडलं हे बाहेर कळू न देण्याची सत्ता.

कायदा झाला, तपास मात्र बराचसा पूर्वीसारखाच राहिला. बाईच्या चारित्र्यावर प्रश्न विचारून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा पुरावा कायद्यात २००२ अखेरपर्यंत होती. देसाईगंजच्या मुलीवर झालेली बोटांची तपासणी तर कितीतरी रुग्णालयांत चालूच राहिली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अभ्यासपूर्ण अहवाल लिहून ती अशास्त्रीय आणि अमानुष असल्याचं मांडलं. २०१३ मध्ये राज्य सरकारने तपासणीची नवी पद्धत लागू केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी हक्कांचा भंग करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं बजावलं. त्या मुलीच्या अहवालातल्या एका ओळीला उत्तर मिळायला पन्नास वर्षं लागली.

संशयितांचंही तसंच. नागपुरात जून १९९३ मध्ये चोरीच्या तपासात पोलिसांनी एका माणसाला रात्री घरातून उचललं. कोठडीतल्या मारहाणीत तो मेला आणि त्याच रात्री त्याच्या बायकोलाही छळ सोसावा लागला. संशयित नवरा आणि कसलाही आरोप नसलेली बायको, दोघांवरचा हात एकाच पोलीस पथकाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षं केली. मधल्या काळात, डिसेंबर १९९६ मध्ये, डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले होते: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला निरोप, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी.

हे नियम प्रत्येक ठाण्यात टांगलेले असताना नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात काय झालं, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. लुटीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला. पोलिसांनी मृतदेह रातोरात आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि दोन संशयित पळून गेले, अशी नोंद केली. ज्या नोंदवहीवर तक्रारदार आणि आरोपी दोघांनाही विसंबून राहावं लागतं, तिच्यातच खोटं लिहिलं गेलं. घरच्यांनी आणि सांगलीकरांनी ते खरं मानायला नकार दिला, सीआयडीकडे तपास गेला आणि पोलीसच आरोपी झाले. देसाईगंजसारखंच इथेही ठाण्याबाहेरच्या माणसांनी ठाण्याला जाब विचारला.

बदलापुरात २०२४ मध्ये तर एकाच प्रकरणात दोन्ही बाजू ढासळल्या. शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आई-वडील तक्रार द्यायला गेले, तर त्यांना ठाण्यात अर्धा दिवस ताटकळत ठेवलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना फटकारलं. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या माणसावर खटला चालला नाही, साक्षी झाल्या नाहीत, कोणी काय लपवलं हे उलटतपासणीतून बाहेर आलं नाही. मुलींना न्याय मिळाला असं ज्यांना वाटलं, त्यांना मी एवढंच विचारेन: ज्या यंत्रणेने आधी आई-वडिलांची तक्रार घेतली नाही, तिच्याच हातात आपण शिक्षाही का सोपवावी?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आणि तिच्यासोबतचे नवे फौजदारी कायदे लागू आहेत. हद्दीचं कारण सांगून कुठलंही ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. बलात्काराची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आणि तपास दोन महिन्यांत पुरा करायचा. अशा तक्रारीची नोंद न करणाऱ्या पोलिसाला तुरुंगवास होऊ शकतो. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं आणि अटकेचं कारण लगेच सांगावं लागतं. बाईला चौकशीसाठी घराबाहेर बोलावता येत नाही, ही जुनी तरतूदही तशीच आहे.

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षांहून अधिक काळची मागणी पुरी झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला ठाण्यातल्या अन्यायाची दाद मागायला आता मुंबई गाठावी लागत नाही. भाऊसिंगजी रोडवर बेंचच्या इमारतीसमोरच सीपीआर रुग्णालय आहे. अत्याचार झालेल्या बाईची तपासणी तिथे होते आणि अटक केलेल्या आरोपीलाही तपासणीसाठी तिथेच आणतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. त्याच्या कलम १२ मध्ये सरकारी खर्चाने वकील कुणाला मिळतो, याची यादी आहे. त्या एकाच यादीत स्त्री आहे आणि कोठडीतला माणूसही आहे. दोघांनाही उत्पन्नाची अट नाही. तुमच्या घरातली कुणी बाई तक्रार द्यायला निघाली असेल किंवा घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं असेल, तर एकट्याने ठाण्याची पायरी चढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० हा क्रमांक फिरवा. वकील मागा. तो तुमचा हक्क आहे.